'मेमरीज ऑफ मर्डर' : खुनी शोधताना गजाआड गेलेला माणूस

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तेत एक वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीनं गुन्ह्याची कबुली दिली.' पत्रकारितेत नवा होतो तेव्हा हे वाक्य मीही लिहिलंय, कित्येकदा. ठाण्यातून प्रेसनोट यायची, तिच्यावर हात फिरवायचा आणि बातमी पानात सोडायची. खाक्या म्हणजे नेमकं काय, तो किती वेळ दाखवला, कबुली देणारा त्यानंतर आपल्या पायावर उभा राहू शकत होता का, असलं काही विचारावं असं त्या वयात सुचलं नाही. डेस्कवर कुणालाच सुचत नव्हतं.

त्याच काळात, २०१०च्या आसपास, पुण्यातल्या खोलीवर मित्राच्या लॅपटॉपवर 'मेमरीज ऑफ मर्डर' हा कोरियन सिनेमा पाहिला. दिग्दर्शक बाँग जून-हो. हे नाव तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. 'पॅरासाईट'ला ऑस्कर मिळून ते इकडच्या पेपरांत यायला अजून दहा वर्षं होती. सिनेमा संपला आणि आम्ही तिघं स्टेशनजवळच्या टपरीवर चहा पीत रात्री दोनपर्यंत एकाच प्रश्नावर भांडत बसलो. खुनी कोण? एकाचं म्हणणं, तो मऊ हातांचा कारखान्यातला तरुणच. दुसरा म्हणे, छे, दिग्दर्शकानं आपल्याला भलतीकडे वळवलंय. मी मध्येच कुठेतरी.

त्या भांडणाची आज थोडी लाज वाटते. कारण आम्ही त्या टपरीवर डोकं खाजवत होतो त्याच्या जरा आधीच, ऑगस्ट २००९मध्ये, सिनेमातल्याच खूनमालिकेतल्या एका खुनासाठी वीस वर्षं तुरुंगात काढलेला एक माणूस कोरियात बाहेर आला होता. त्यानं तो खून केलेला नव्हता. ही गोष्ट तेव्हा दोन माणसांना पक्की माहीत होती. एक तो स्वतः, दुसरा खरा खुनी. तिसरं कुणाला माहीत होतं का, ते पुढे येईलच.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९८६. सोलच्या दक्षिणेला ग्याँगी प्रांतात ह्वासाँग नावाचा ग्रामीण भाग. पिकून पिवळी झालेली भातशेतं, शेताच्या कडेला सिमेंटनं झाकलेला पाट आणि त्या पाटात हात बांधलेलं एका स्त्रीचं प्रेत. तपास स्थानिक डिटेक्टिव्ह पार्क डू-मानकडे येतो. ही भूमिका साँग कांग-होची आहे. हाच नट पुढे 'पॅरासाईट'मध्ये बाप झाला आणि 'अ टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये ग्वांगजूला निघालेला टॅक्सीवाला. पार्कचा दावा असा, की आपण नुसता चेहरा बघून गुन्हेगार ओळखतो. एकदा त्याचा साहेब त्याची परीक्षा घेतो. ठाण्यात दोन तरुण शेजारी शेजारी बसलेत. त्यातला एक बलात्काराचा आरोपी, दुसरा पीडितेचा भाऊ. सांग, कोण कुठला? पार्क टक लावून बघतो. आपणही बघतो आणि नकळत मनात एकाला निवडूनही टाकतो. उत्तर सिनेमा देत नाही.

पार्कचा जोडीदार चो याची तर्‍हा वेगळी. तो चौकशीआधी बुटावर कापडी आवरण चढवतो आणि मग लाथ घालतो, अंगावर खूण राहू नये म्हणून. या दोघांच्या हाती क्वांग-हो नावाचा गावातला अर्धवट समजला जाणारा मुलगा लागतो. त्याच्या बुटाचा ठसा पार्क स्वतःच चिखलात उमटवतो आणि पुरावा तयार करतो. त्याला रानात नेऊन खड्डा खणायला लावतात. टेपरेकॉर्डर चालू करून कबुली वदवून घेतात. तेवढ्यात सोलहून आलेला, कागदपत्रांवर भरवसा असलेला सो टे-युन दाखवून देतो की भाजून आखडलेल्या बोटांच्या या पोराला प्रेताच्या हाताला मारलेली तसली गाठ मारताच येणार नाही. पोरगा सुटतो.

पुढे एक जागा येते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती माझ्या डोक्यावरून गेली होती. बऱ्याच उशिरा, आणखी बायका मेल्यावर, डिटेक्टिव्ह ती जुनी टेप पुन्हा ऐकतात आणि त्यांच्या लक्षात येतं की क्वांग-हो त्या वेळी कबुली देतच नव्हता. तो जे बोलत होता ते त्यानं लपून पाहिलेलं होतं. ज्याला आरोपी म्हणून तुडवला तो खटल्यातला एकमेव साक्षीदार निघाला. सगळे त्याला शोधायला धावतात. पण खाकीची त्याला आता इतकी दहशत बसलीय की तो रेल्वेच्या रुळांवर पळतो आणि गाडीखाली जातो. त्याआधीच्या हाणामारीत त्यानं चोच्या पायावर खिळ्याची फळी मारलेली असते. धनुर्वात होऊन चोचा तो पाय कापावा लागतो. लाथा घालणारा पाय. बाँग जून-हो अशा ठिकाणी फारसा हळुवार राहत नाही.

शेवटी संशय कारखान्यातल्या तरुणावर येऊन थांबतो. डीएनएचा नमुना अमेरिकेला जातो. अहवाल येतो तेव्हा मुसळधार पाऊस, रेल्वेचा बोगदा आणि एव्हाना स्वतःच माराकडे वळलेला सो, हातात पिस्तूल घेऊन. अहवाल सांगतो, जुळत नाही. २००३मध्ये पोलिसातली नोकरी सोडून विक्रेता झालेला पार्क त्याच पाटापाशी गाडी थांबवतो. एक शाळकरी मुलगी त्याला सांगते, थोड्या दिवसांपूर्वी आणखी एक जण इथे असाच वाकून बघत होता. दिसायला कसा होता? साधाच. चारचौघांसारखा. पार्क कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघतो आणि सिनेमा संपतो.

आता सिनेमाच्या पडद्यामागचा इतिहास.

ह्वासाँगमध्ये सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. सर्वांत लहान १३ वर्षांची, सर्वांत मोठी ७१ वर्षांची. बहुतेकींना त्यांच्याच कपड्यांनी बांधलेलं, गळा आवळलेला. कोरियाच्या इतिहासात तोवर एवढा मोठा तपास झाला नव्हता. पोलिसांचे २० लाखांहून जास्त मनुष्यदिवस खर्ची पडले. २१ हजारांवर लोकांची संशयित म्हणून चौकशी झाली, ४० हजारांच्या आसपास लोकांच्या बोटांचे ठसे तपासले गेले. पावसाच्या रात्री खून होतो, लाल कपडे घातलेली बाई मारली जाते, अशा अफवा गावोगाव पसरल्या. रस्त्याच्या कडेला बुजगावणं उभं करून त्यावर खुन्याला शाप लिहिलेला होता, शरण ये, नाहीतर हातपाय सडून मरशील. ते बुजगावणं सिनेमातही आहे आणि खऱ्या ह्वासाँगमध्येही होतं.

एवढं मनुष्यबळ असून खुनी सापडत का नव्हता? याचं उत्तर शोधायला ते पोलिस कोण होते हे बघावं लागतं. १९१०पासून १९४५पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपानी पोलिसांनी तिथे चौकशीच्या ज्या पद्धती रुजवल्या त्या स्वातंत्र्यसैनिकांना मोडण्यासाठी होत्या. जपान हरला, अमेरिकी लष्करी प्रशासन आलं, आणि त्यानं जपान्यांच्या नोकरीतले बरेच कोरियन पोलिस तसेच कामावर ठेवले. मग युद्ध, फाळणी, एकामागून एक हुकूमशहा. १९७९च्या डिसेंबरमध्ये लष्करातल्या उठावानं जनरल चुन डू-ह्वान वर आला. १९८०च्या मे महिन्यात त्याच्या सैन्यानं ग्वांगजू शहरात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, शेकडो माणसं मेली. पुढची सात वर्षं पोलिसांचं सगळ्यात महत्त्वाचं काम एकच होतं. विद्यार्थी, कामगार पुढारी आणि पाद्री यांना पकडायचं आणि ते उत्तर कोरियाचे हस्तक आहेत असं त्यांच्याच तोंडून वदवायचं.

अशा कामात आरोप आधी ठरलेला असतो. सही तेवढी हवी असते. शोध घ्यायचा नसतोच. ह्वासाँगमध्ये मात्र आरोपीचं नावच माहीत नव्हतं, आणि यंत्रणेजवळ हत्यार तेच होतं.

दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १० जानेवारी १९८७ला ह्वासाँगमधला पाचवा खून झाला, बळी कोवळ्या वयाची मुलगी. चारच दिवसांनी, १४ जानेवारीला, सोलमधल्या पोलिसांच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी केंद्रात पार्क जोंग-चोल हा सोल राष्ट्रीय विद्यापीठाचा विद्यार्थी मेला. पाण्याच्या टबात डोकं बुडवून त्याच्याकडून एका मित्राचा पत्ता काढायचा प्रयत्न चालला होता. पोलिस प्रमुखांनी सांगितलं ते असं, की चौकशी करणाऱ्यानं टेबलावर हात आपटला आणि पोरगा दचकून मेला. या खुलाशानं देश पेटला. जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक घेण्याचं हुकूमशाहीला मान्य करावं लागलं.

हे आंदोलन सिनेमात पार्श्वभूमीला सारखं चालू असतं. आज रात्री खून होणार अशी खात्री झालेले डिटेक्टिव्ह जादा तुकडी मागतात, तर तुकड्या सूवॉनला मोर्चा हाणायला गेलेल्या असतात. हवाई हल्ल्याच्या सरावासाठी सायरन वाजतो, गावभर दिवे मालवले जातात, दुकानांची शटर्स खाली येतात आणि त्याच अंधारात एका शाळकरी मुलीला उचलून नेलं जातं. समीक्षकांनी या प्रसंगांबद्दल भरपूर लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. माझं म्हणणं पुढे आहे.

कोरियात १९८७ला लोकशाही आली. फेब्रुवारी १९८८मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. छळ करून घेतलेली कबुली ग्राह्य धरू नये आणि खटल्यात नुसत्या कबुलीवर कुणाला दोषी ठरवू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. १७ सप्टेंबर १९८८ला सोल ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. सगळं जग टीव्हीपुढे बसलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी ह्वासाँगमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात मेलेली सापडली. हा आठवा खून.

बाकीचे खून शेतात, रस्त्याच्या कडेला झालेले. हा घरात. म्हणून पोलिसांनी ठरवलं की हा दुसऱ्या कुणाचा, त्या मालिकेची नक्कल करणाऱ्याचा. जुलै १९८९मध्ये त्यांनी २२ वर्षांचा एक तरुण पकडला. शेतीची यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक. लहानपणी पोलिओ झाल्यानं एक पाय अधू. शिक्षण प्राथमिक शाळेतच सुटलेलं. त्याचं नाव जगभरच्या बातम्यांत आलंय, तरी मी ते इथे लिहीत नाही. त्याला तीन दिवस झोपू दिलं नाही. अधू पायाच्या माणसाला उठाबशा काढायला लावल्या. मग कबुली तयार झाली. पोलिसांच्या कागदावर हा माणूस रात्री भिंत ओलांडून त्या घरात शिरला होता. अधू पायानं तो भिंत कशी चढला, हे खालपासून वरपर्यंत एकाही न्यायालयाला खटकलं नाही.

नव्या राज्यघटनेमुळे नुसती कबुली पुरत नव्हती, जोडीला काहीतरी लागणार होतं. ते विज्ञानानं पुरवलं. मृत मुलीच्या खोलीत सापडलेल्या केसांची किरणोत्सर्गी पद्धतीनं तपासणी झाली. केसांत धातूंचे अंश आहेत, हा माणूस यंत्रांत काम करतो, रक्तगट बी आहे, याचाही बी आहे. सिनेमात सोलहून आलेला शहाणा डिटेक्टिव्ह म्हणत असतो की कागद खोटं बोलत नाहीत. इथे कागदच खोटा होता. ती तपासणी सदोष होती हे न्यायालयात सिद्ध व्हायला एकतीस वर्षं गेली. त्या वेळी मात्र कोरियाच्या न्यायवैद्यकशास्त्राचं यश म्हणून ती मिरवली गेली, आणि तपास पथकातल्या पोलिसांना बढत्या मिळाल्या.

त्या तरुणानं अपिलात सांगितलं, मला मारून लिहून घेतलं. कुणी ऐकलं नाही. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली.

तो एकटाच नव्हता. दुसऱ्या एका खुनात एकोणीस वर्षांच्या मुलानं अशीच कबुली दिली. तो सुटला तो निव्वळ डीएनएचा नमुना जपानला पाठवला गेला म्हणून. सिनेमातली अमेरिका ही खरी जपान होती. चौकशीला नेलेल्यांपैकी काहींनी नंतर आत्महत्या केल्या. जुलै १९८९मध्ये आठ वर्षांची एक मुलगी शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. घरचे तीस वर्षं ती हरवली असंच समजत होते. पोलिसांना त्याच वर्षी तिचे अवशेष मिळाले होते आणि ते त्यांनी दडवले, असं २०१९च्या फेरतपासात पोलिसांनीच जाहीर केलं. आणखी एका न सुटलेल्या खुनाची भर नको होती, एवढंच कारण दिसतं. म्हणून वर म्हटलं, तिसरं कुणाला काय काय माहीत होतं हा प्रश्न सोपा नाही.

खरा खुनी ली चुन-जे. जन्म १९६३, ह्वासाँगचाच. जानेवारी १९८६मध्ये सक्तीची लष्करी सेवा संपवून गावी आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला खून केला. पोलिसांनी त्याला चौकशीसाठी बोलावलं होतं, एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी सोडलं. कारण पोलिसांनी ठरवून टाकलं होतं की खुन्याचा रक्तगट बी आहे. लीचा ओ. खिशात आधीच एक उत्तर असलं की समोर बसलेला माणूसही दिसत नाही. जानेवारी १९९४मध्ये च्योंगजू शहरात त्यानं बायकोच्या धाकट्या बहिणीचा खून केला आणि त्यात मात्र पकडला गेला. आधी फाशी, मग जन्मठेप. बुसानच्या तुरुंगात तो शिस्तीचा, शांत कैदी म्हणून ओळखला जात होता.

एप्रिल २००६मध्ये ह्वासाँगच्या शेवटच्या खुनाची १५ वर्षांची मुदत संपली. कोरियात तेव्हा खुनालाही कालमर्यादा होती. ती २०१५मध्ये काढून टाकली, पण आधीच मुदत संपलेल्या खटल्यांना त्याचा उपयोग नव्हता. सप्टेंबर २०१९मध्ये जपून ठेवलेल्या कपड्यांवरच्या डीएनएशी लीचा डीएनए जुळला. त्यानं चौदा खून कबूल केले. ह्वासाँगचे दहा आणि आणखी चार. या दहांत आठवाही होता, जो 'दुसऱ्या कुणाचा' म्हणून निकाली निघाला होता. ती आठ वर्षांची मुलगीही त्यानंच मारलेली.

फेरखटला सूवॉनच्या जिल्हा न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२०मध्ये ली साक्षीला आला. ह्वासाँगच्या खुनांसाठी तो आजवर न्यायालयात उभा राहिला तो साक्षीदार म्हणून. आरोपी म्हणून त्याच्यावर खटला भरताच येत नाही. त्यानं सांगितलं, आपण इतकी वर्षं पकडलो कसे गेलो नाही याचं आपल्यालाच नवल वाटायचं. तो सिनेमा आपण तुरुंगात पाहिला आणि पाहून काही वाटलं नाही, हेही सांगितलं. १७ डिसेंबर २०२०ला मेकॅनिक निर्दोष सुटला. सरकारी वकिलांनी स्वतःच निर्दोष मुक्ततेची मागणी केली आणि माफी मागितली. न्यायाधीशांनीही न्यायसंस्थेच्या वतीनं माफी मागितली. पुढे सुमारे अडीच अब्ज वॉन भरपाई मिळाली. अटकेच्या वेळी तो २२ वर्षांचा होता, निकालाच्या वेळी पन्नाशी ओलांडलेला.

हे सगळं मी तुकड्यातुकड्यानं वाचलं होतं. सिनेमा पुन्हा बघायचं निमित्त इथलंच झालं. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६च्या लोकल बाँबस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. १८०हून जास्त माणसं त्या संध्याकाळी लोकलमध्ये मेली होती. २०१५मध्ये विशेष न्यायालयानं पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली होती. त्यातला एक २०२१मध्ये तुरुंगातच मेला, निकाल त्याच्या माघारी लागला. उच्च न्यायालयानं कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतला मजकूर जागोजागी सारखाच होता, आणि छळ झाल्याच्या तक्रारींना वैद्यकीय कागदपत्रांचा आधार होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवायची गरज नाही.

ह्वासाँग आणि मुंबई यांची बरोबरी मला करायची नाही. तिथे एक विकृत माणूस होता, इथे दहशतवादी कट. तिथे डीएनए जुळला, खुनी सापडला. इथे ते बाँब कुणी ठेवले, हे एकोणीस वर्षांनी पुन्हा प्रश्नचिन्हच आहे, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना कुणी काही सांगायला उरलेलं नाही. पण कबुलीची गोष्ट दोन्हीकडे एक आहे. आमच्या मोहल्ल्यात लहानपणापासून एक क्रियापद कानावर पडायचं, 'उचललं'. अमक्याच्या पोराला उचललं. कशासाठी हे कुणी विचारत नसे. आता तो काय काय कबूल करील, एवढीच कुजबुज.

गंमत म्हणजे आपल्याकडचा मूळ कायदा या बाबतीत कोरियापेक्षा कितीतरी जुना आणि शहाणा. १८५४मध्ये मद्रास इलाख्यात पोलिस आणि महसूल खात्याकडून होणाऱ्या छळाची चौकशी करायला कंपनी सरकारनं आयोग नेमला होता. आपले शिपाई माणसांना कसे बोलते करतात, हे त्याच्या अहवालात सरकारला वाचायला मिळालं. पुढे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. १८५७चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रजांनाही आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता. नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. तिला भगदाड पाडलं ते स्वतंत्र भारतानं, १९८७च्या टाडानं आणि आपल्या महाराष्ट्रानं १९९९मध्ये केलेल्या मोक्कानं. अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली मोक्कात पुरावा ठरते. लोकलस्फोटाचा खटला मोक्काखालीच चालला.

तर त्या जुलैत सिनेमा पुन्हा लावला. या खेपेला घरी, एकट्यानं. खुनी कोण याची उत्सुकता उरली नव्हती, त्यामुळे लक्ष भलतीकडेच गेलं. ठाण्याच्या तळघरात मार खाणाऱ्या माणसांपुढे टीव्ही चालू आहे आणि सगळे मिळून एकत्र जेवतायत, मारणारे आणि मार खाणारे. हा प्रसंग मला आधी विनोदी वाटला होता, आम्ही तिघं हसलो होतो. आता जाणवलं की सिनेमात ज्यांना ज्यांना तुडवलं जातं ते सगळे शेवटी सुटतात. क्वांग-हो सुटतो, मग मरतो. दुसरा एक गरीब कामगार सुटतो. बोगद्यातला तरुणही अंधारात चालत निघून जातो. बाँग जून-होनं पोलिसांची कसलीही भीड ठेवलेली नाही, तरी त्याचा सिनेमा इतिहासापेक्षा दयाळू निघाला. त्यात एकही बेगुनाह माणूस शिक्षा होऊन आत जात नाही. हा दोष मी त्याच्यावर ढकलत नाही. २००३मध्ये आठवा खून सगळ्या कोरियाच्या लेखी सुटलेला होता, एकमेव सुटलेला. सुटलेल्या खुनावर कोण सिनेमा काढणार?

आणखी एक. सिनेमाचं कोरियन नाव 'सारिनुई चुओक'. 'चुओक' या शब्दात आठवणींचा गोडवा असतो, आपण 'शाळेतल्या आठवणी' म्हणतो तसा. दिग्दर्शकाला तो उपरोध हवा होता. ह्वासाँगच्या लोकांना मात्र आपल्या गावाचं नाव कायमचं खुनांना चिकटलेलं सलत होतं. २०१९च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी प्रकरणाचं अधिकृत नाव बदललं. ते आता 'ली चुन-जे खूनमालिका' म्हणून ओळखलं जातं.

शेवटच्या प्रसंगात पार्क पडद्यावरून प्रेक्षकांत बघतो, खुनी हा सिनेमा पाहायला येईल आणि त्याची नजर पार्कच्या नजरेला भिडेल, या हिशेबानं. तो प्रसंग पुन्हा पाहताना मी वर्षं मोजत होतो. एप्रिल २००३मध्ये हा सिनेमा कोरियात लागला तेव्हा ली चुन-जेला गजाआड जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो थिएटरात बसलेला असणं शक्यच नव्हतं. त्याच वेळी दुसऱ्या एका कोठडीत अधू पायाचा मेकॅनिक चौदावं वर्ष काढत होता. ऑगस्ट २००९मध्ये त्याला पॅरोलवर सोडलं, तेव्हा त्याच्या कागदांवर खुनी असंच लिहिलेलं होतं.